हे काय आलंय तोंडावर?

माणसाच्या पोटात काय चाललंय हे त्याला ठाऊक असतं आणि फार तर त्याच्या बायकोला. गुडघा दुखतो तो ज्याचा त्यालाच. मूळव्याधीसारखं दुखणं तर माणूस आयुष्यभर कुणाला पत्ता लागू न देता सांभाळतो. पण तोंडावर चार पुटकुळ्या उठल्या की हा खासगीपणा संपला. तुमचा चेहरा त्या दिवसापासून सार्वजनिक मालमत्ता. त्याची पाहणी करायला, पुटकुळ्या मोजायला, एखादी बोटाने दाबून बघायला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही. लिफ्टमध्ये आजवर "कितवा?" यापलीकडे एक अक्षर न बोललेले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून आपल्या गालापाशी येतात आणि विचारतात, "हे काय आलंय तोंडावर?"

या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नसतं. ते विचारणाऱ्याकडे तयार असतं. आपण फक्त तोंड पुढे करायचं.

माझ्या तोंडावर जे आलं ते अगदी फुटकळ आजारपणाच्या मागोमाग आलं. श्रावणातली डोंबिवली. कपडे वाळत नाहीत, रिक्षा मिळत नाही आणि घरटी एक जण शिंकत असतो. तशी मलाही सर्दी झाली. घशात खवखव, नाकाला धार, अंगात कणकण. ताप असा, की थर्मामीटरने दखल घ्यावी पण साहेबाने रजा देऊ नये. मी ऑफिसला जात राहिलो, शिंकत राहिलो आणि यथावकाश सर्दी निघून गेली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती गेल्यावर एका सकाळी दाढी करताना रेझर गालावर अडखळला.

बघतो तर मोहरीएवढे उंचवटे. कातडीच्याच रंगाचे, किंचित लालसर. कपाळावर दाट, गालांवर विरळ आणि हनुवटीच्या कडेने एक रांग. आरशात समोरून बघितलं तर फारसे दिसत नव्हते. खिडकीतला उजेड बाजूने पडला की मात्र एकूण एक उभा राहायचा. बोट फिरवलं तर खरखर लागायची. दुखणं नाही, आग नाही, पू नाही आणि खाज तर अजिबात नाही.

ही खाज नसण्याची गोष्ट फार गैरसोयीची ठरली. पाहणीला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारायचा, "खाज येते?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. खाज असती तर त्याच्यापाशी पित्त, ॲलर्जी, गजकर्ण, ढेकूण असा सगळा माल तयार होता. "थोडी पण नाही?" "नाही." "रात्री?" "नाही." सोसायटीच्या सेक्रेटरींनी इतक्या आशेने विचारलं, की त्यांचं मन मोडवेना. "संध्याकाळी जरा येते," असं मी म्हणून टाकलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला आणि टाकीच्या पाण्यात क्लोरीन जास्त पडतंय हे त्यांचं म्हणणं कमिटीपुढे ठेवायला त्यांना एक पुरावा मिळाला.

घरात पहिलं निदान आईने केलं. "ताप मुतलाय," ती म्हणाली. पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता. ताप जाता जाता तोंडावर आपली खूण ठेवून जातो हे तिच्या लहानपणापासून सिद्ध झालेलं आहे आणि ते तसं खोटंही नाही. तापानंतर ओठाच्या कडेला जे पाण्याचे फोड येतात ते हर्पिस नावाच्या विषाणूचे. हा विषाणू एकदा अंगात शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत मुक्काम ठोकून बसतो आणि ताप, थकवा, ऊन असं काही निमित्त झालं की पुन्हा ओठावर हजर होतो. जगातली निम्म्याहून जास्त माणसं त्याला अंगात घेऊन हिंडतात. माझी अडचण एवढीच होती, की ओठ सोडून सगळीकडे आलं होतं. हे मी आईच्या निदर्शनास आणून दिलं. "मग तुझा वर मुतलाय," म्हणून तिने पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने निदान बदललं आणि ते पित्तावर गेलं. आमसुलं पाण्यात भिजत पडली. आमसुलाचं पाणी अंगावर उठलेल्या पित्ताला लावतात, आणि पित्तही अशा व्हायरल तापानंतर उठतं, लहान मुलांना तर फारच. पण पित्ताच्या गांधींचा एक नियम असतो: आज दंडावर, उद्या मांडीवर. एका जागची गांध चोवीस तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे उठते. माझ्या तोंडावरचे रहिवासी हलायला तयार नव्हते. मी बॉलपेनने एकाभोवती वर्तुळ काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो वर्तुळात होता. ऑफिसला निघताना ते वर्तुळ पुसायचं राहिलं, त्यामुळे दिवसभर लोकांनी काय काय विचारलं ते इथे सांगत बसत नाही.

त्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा जायफळावर विश्वास. सहाण काढली गेली, तिच्यावर दुधाचे थेंब टाकून बायकोने जायफळ उगाळलं आणि तो तपकिरी गंध माझ्या तोंडभर लावला. जायफळाचा लेप ओला असेपर्यंत गार आणि सुवासिक असतो. वाळायला लागला की कपाळ आणि गाल एकमेकांना खेचू लागतात. हसता येत नाही, जांभई देता येत नाही, बोलताना ओठ जेमतेम उघडतात. अशा अवस्थेत आई येऊन म्हणाली, "आमसूल लावायचं ठरलं होतं ना?" मला दोन्ही पक्षांना काहीही उत्तर देता आलं नाही, आणि अशा प्रसंगी नवऱ्याला जे काही हवं असतं ते जायफळाने दिलं. सासूबाईंचं औषध लागू पडतं ते असं.

आमची मोठी आत्या कऱ्हाडहून आली होती, माझ्या भाचीच्या साखरपुड्यासाठी. आत्या पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिने मला दारातून पाहिलं आणि ती तिथेच थांबली. जवळ आली नाही. नेहमीसारखा गालावरून हात फिरवला नाही. चार हात लांबून तिने विचारलं, "आधी ताप आला, का आधी हे आलं?" मी म्हटलं, ताप. तिचे डोळे बारीक झाले. "पाठीवर आलंय का?" नाही. "तळहात दाखव." मी दाखवले. "एकदम आले, का रोज नवे येतायत?" माझी उत्तरं ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग एकदम आत येऊन पाटावर बसली. "काही नाही. चहा टाका," म्हणाली.

नंतर माझ्या लक्षात आलं, की इतक्या लोकांनी माझी तपासणी केली, पण घरातली ही एकच खरी तपासणी होती. आत्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न देवी आणि कांजिण्या ओळखण्याचा होता. देवीत आधी दोन-चार दिवस सणकून ताप यायचा आणि मग फोड. ते तोंडावर आणि हातापायांवर जास्त, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि सगळे एका वयाचे. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर जास्त, आणि रोज नवे येत असल्यामुळे एकाच अंगावर कळी, फूल आणि खपली एकत्र. वैद्यकाच्या पुस्तकात हे जसं लिहिलंय तसं आत्याला तोंडपाठ होतं. ती चौथीत शाळा सोडलेली मुलगी. पण तिच्या वर्गात देवीचे वण असलेली तोंडं होती आणि एका मुलीची जागा रिकामी होती.

मुंबईच्या वाट्याला या बाबतीत एक मान आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. जेनरने इंग्लंडमध्ये पहिला प्रयोग केला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. लस बगदाद, बसरा करत माणसांच्या दंडांवरून प्रवास करत आली होती. एकाच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस दुसऱ्याला, त्याची तिसऱ्याला. ॲनाच्या दंडावरचा फोड पिकला तेव्हा तिच्यापासून आणखी मुलांना टोचलं आणि तिथून ती देशभर गेली. म्हणजे एका पोरीच्या दंडावर काय उठलंय हे बघायला अख्ख्या मुंबईचे डॉक्टर आठवडाभर श्वास रोखून बसले असणार. एखाद्या फोडाची इतक्या मानाने पाहणी त्यानंतर झाली नसेल.

सत्तरच्या दशकात देवी देशातून हटत आली तेव्हा सरकारने गावोगाव भिंती रंगवल्या: देवीचा रोगी दाखवा, हजार रुपये घ्या. तेव्हाचे हजार. ती अक्षरं पन्नाशीपुढच्या पुष्कळांना आठवत असतील. रंग उडून फिकी झालेली मी स्वतः पाहिली आहेत. आत्याचे धाकटे दीर, म्हणजे आमचे अण्णा, यांनी ती पाटी वाचली आणि त्यांचं माणसांकडे बघणंच बदललं. ते समोरच्याच्या डोळ्यांत बघेनासे झाले. गालांकडे बघू लागले. कुणाला तारुण्यपीटिका आल्या तरी अण्णा त्याच्या प्रकृतीची चौकशी इतक्या जिव्हाळ्याने करायचे, की पोरगा घाबरून घरात बसायचा. कांजिण्या झालेल्या एका शेतमजुराला त्यांनी बैलगाडीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या आहेत. अण्णा म्हणाले, "नीट बघा साहेब. घाई नाही." पुढे मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला, तोही पार आसामात, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच देवी गेल्याचं जाहीर केलं. सगळ्या मानवजातीला आनंद झाला. अण्णांना थोडा कमी झाला.

तेव्हा लोक आपल्या तोंडाकडे टक लावून बघतात यात नुसता भोचकपणा नाही. त्यामागे पिढ्यांची भीती आहे. पूर्वी तोंडावर काय आलंय हे शेजाऱ्याने वेळेवर ओळखणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता. आता रोग गेला, नजर तेवढी शिल्लक राहिली. तिला काहीतरी काम हवं, म्हणून ती माझ्या कपाळावर येऊन बसते.

ही नजर सर्वांत तीक्ष्ण असते ती लोकलमध्ये. आमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये मी बहुतेक वेळा चौथ्या सीटवरचा माणूस. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बाक तिघांचा असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथ्याचं अर्धं बूड बाकावर असतं आणि अर्धं रेल्वेच्या भरवशावर. त्या सोमवारी मी टेकलो, शेजारच्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न सांगता खिडकीकडे सरकला. त्याने पुढच्याला कोपर मारलं. ठाणं येईपर्यंत मी पूर्ण बसलो होतो. मंगळवारी मला खिडकी मिळाली. वीस वर्षांच्या नोकरीत जे मिळालं नव्हतं ते मोहरीएवढ्या पुटकुळ्यांनी मिळवून दिलं.

यातली खरी गंमत मला पुढे डॉक्टरांकडे कळली. सर्दी होती तेव्हा मी सांसर्गिक होतो. नाक गळत होतं, शिंका येत होत्या, आणि हीच मंडळी मांडीला मांडी लावून माझ्या डब्यातले खमण खात होती. तोंडावर उठलं तोपर्यंत माझ्यापासून कुणाला काही होण्याची वेळ टळून गेली होती, आणि तेव्हा सगळे सरकले.

सरकल्यावर सल्ले सुरू झाले. सावंतांनी हल्लीच दारू सोडली आहे. त्यांना त्यात गटारी अमावास्या दिसली. "लिव्हर, दुसरं काही नाही." मी त्या दिवशी वरण-भात खाल्ला होता हे त्यांनी हसून सोडून दिलं. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या गृहस्थांना पाण्याचा दोष दिसला. ज्याचं घराचं कर्ज मंजूर होत नव्हतं तो म्हणाला, "टेन्शन." शेअरबाजारवाल्याने एकच प्रश्न विचारला: "प्लेटलेट्स किती?" पावसाळ्यात हा प्रश्न भाव विचारावा तसा विचारतात आणि आकडा खाली असेल तर आवाज आपोआप हलका करतात. एक जण म्हणाला, नागीण. दोन्हीकडून येऊन तोंडाला तोंड लागलं तर संपलं. नागीण शरीराच्या एकाच बाजूने, एका मज्जातंतूच्या वाटेने उठते, आणि दोन्ही बाजूंनी उठली तरी कुणी कुणाला गिळत नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मात्र मी मोबाइलच्या काचेत दोन्ही गालांच्या रांगांमधलं अंतर बघून घेतलं होतं. खिडकीपलीकडचे मास्तर म्हणाले, रात्री कोळी अंगावरून गेला असणार. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा पेडेरस नावाचा एक बारीक, लाल-काळा किडा असतो. तो चावत नाही; पण झोपेत अंगाखाली चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, पट्टाच उठतो. त्याचं खापर वर्षानुवर्षं बिचाऱ्या कोळ्यावर फुटत आलंय. कोळ्याची बाजू मांडायला कुणी नसतं.

निदान बघून रोग कळत नाही, निदान करणारा मात्र छान कळतो. सहप्रवाशांबद्दल जे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं ते त्या आठवड्यात कळलं.

या सगळ्यांत अधिकारवाणी होती ती नाक्यावरच्या मेडिकलवाल्याची. तो बोलला कमी. दुसऱ्याला सुटे पैसे देता देता त्याने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, मागच्या फळीवरून एक ट्यूब काढली आणि काउंटरवर आपटली. "दिवसातून दोनदा. तीन दिवसांत साफ." अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात: एक बुरशीवर, एक जंतूंवर आणि तिसरं स्टेरॉइड. काय झालंय हे ठाऊक नसलं तरी काहीतरी लागेलच, या हिशेबाने. स्टेरॉइडचा गुण मोठा फसवा. दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो, माणूस खूष होऊन लावत राहतो. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तिथे लव वाढते, आणि मलम थांबवलं की आधीपेक्षा जोरात उठतं, म्हणून पुन्हा मलम. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. मी चिठ्ठीचं विचारलं. तो म्हणाला, "कुणाची हवी?"

ट्यूब घरी आली, पण आमसूल आणि जायफळ यांच्यातला तंटा मिटलेला नसल्यामुळे तिचा नंबर लागला नाही. ती फ्रिजच्या दारात राहिली.

मधल्या काळात बायकोने माझा फोटो काढून नात्यातल्या एका डॉक्टर मुलीला पाठवला. ती नागपुरात शिकते. तिचं उत्तर आलं: "काका मस्त दिसताहेत! प्रॉब्लेम काय आहे?" फोन नवा होता. त्याला माणसाच्या तोंडावर काही आलेलं खपत नाही. तो फोटो काढतानाच सगळं गुळगुळीत करून टाकतो. बायकोने दिवा बदलून, कोन बदलून, अगदी नाकाला फोन लावून फोटो काढले. दर फोटोत माझं वय कमी होत गेलं. शेवटच्या फोटोत मी बारावीला होतो.

मग त्वचारोगतज्ज्ञ. बाहेर बाकड्यावर सगळी कॉलेजची पोरं-पोरी. माझ्या वयाचा मी एकटाच. एका मुलीने मला जागा दिली, तीही न सरकता. आत डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं मलम लावलंय?" नाही म्हटल्यावर त्या खुर्चीत चक्क मागे टेकल्या. मग दिवा असलेलं भिंग प्रत्येक उंचवट्यावर टेकवून बघितलं. काचेची पट्टी गालावर दाबली. लाली दाबाखाली नाहीशी होते की राहते ते पाहायला. कातडीखाली रक्त उतरलेलं असेल तर ती जात नाही, आणि पावसाळ्यात ते बघावंच लागतं. माझी गेली. "खाज येते?" नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं नाही. इतक्या दिवसांत असा पहिलाच माणूस.

"सर्दीत काय काय घेतलंत?" मी सांगू लागलो. सुंठ, मिरी, लवंग आणि गवती चहाचा काढा. हळद-दूध. बाम टाकून घेतलेली वाफ, डोक्यावरून टॉवेल घेऊन, सकाळ-संध्याकाळ. नाकाखाली बाम. कपाळावर सुंठेचा लेप. तापाची गोळी. सर्दीची गोळी. शेजारच्यांच्या घरी उरलेली आणखी एक गोळी, ती मी ठेवून दिली होती. कुणीतरी दिलेलं निलगिरीचं तेल, उशीवर. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. मोठ्या माणसाला तापानंतर अंगावर उठलं तर विषाणूच्या आधी गोळ्यांवर संशय घ्यायचा असतो, त्या म्हणाल्या. लहान मुलांत उलट. शिवाय बाम आहे, वाफ आहे, लेप आहे, तेल आहे. "यातल्या कशानेही होऊ शकतं. आणि यातलं काही केलं नसतं तरी होऊ शकतं. विषाणू गेला तरी त्याच्याविरुद्ध शरीराने केलेली धावपळ लगेच थांबत नाही, ती कधी कधी कातडीवर दिसते."

"म्हणजे नक्की काय झालंय?"

"नक्की नाही सांगता येणार. जाईल."

"औषध?"

"काही लावू नका. साध्या पाण्याने तोंड धुवा. हात लावू नका. कुणाला लावू देऊ नका. वाढलं, ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत आलं तर लगेच या."

हे ऐकायला मी आठशे रुपये दिले, आणि मला ते स्वस्त वाटले. इतक्या माणसांत "सांगता येणार नाही" म्हणणारी ती एकटीच होती, आणि सांगण्याचे पैसे घेणारीही ती एकटीच.

घरी मात्र हे कुणाला पटलं नाही. "औषधच दिलं नाही?" आई. "मग फी कसली घेतली?" बायकोचं म्हणणं पडलं की मी नीट सांगितलं नसणार. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचं वय विचारलं आणि वय ऐकून प्रकरण निकालात काढलं. शेवटी सर्वांच्या समाधानासाठी मी फोन करून काहीतरी लावायची परवानगी मागितली. पलीकडून एक सुस्कारा आला आणि कॅलामाइन लोशन मंजूर झालं. त्यात जस्ताचं ऑक्साइड असतं आणि किंचित लोहाचं. लोहामुळे त्याला तो गुलाबी रंग येतो. रात्री ते लावून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि आत्या "अगं बाई" म्हणून दचकली. देवी ओळखणारी बाई कॅलामाइनला घाबरली.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी पुरळ या विषयावर वाचत बसलो. डॉक्टरांनी पूर्वी लहान मुलांच्या पुरळांना सरळ नंबर देऊन टाकले होते: पहिला गोवर, दुसरा स्कार्लेट फीवर, तिसरा रुबेला, आणि असं सहापर्यंत. यातला चौथा १९०० मध्ये ड्यूक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने मांडला आणि पुढे तो वेगळा रोग नाहीच असं ठरून यादीतून गेला. आता तीननंतर एकदम पाच येतो आणि मधला गायब. पाचव्याची तऱ्हा तर माझ्या जवळपासची: किरकोळ ताप येतो, जातो, पोर खेळायला लागतं, आणि मग कुणी थोबाडीत मारल्यासारखे त्याचे दोन्ही गाल लाल होतात. या रोगाच्या विषाणूचं नाव पार्व्होव्हायरस बी-१९. मला वाटलं त्याचे आधी अठरा भाऊ असतील. तसं काही नाही. १९७५ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत इव्हॉन कोसार्ट यांना तो रक्ताच्या एका नमुन्यात योगायोगाने सापडला, आणि तो नमुना होता बी या संचातला एकोणिसावा. सापडला तेव्हा तो करतो काय, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. गालांशी त्याचा संबंध पुढच्या दशकात लागला. मला हे वाचून फार बरं वाटलं. इतक्या मोठ्या लोकांनाही आधी सापडतं आणि मग कळतं.

साखरपुड्याला मी मामा, म्हणजे मला चुकवता येणं शक्य नव्हतं. पुटकुळ्या तोवर बसायला लागल्या होत्या, पण हॉलमधल्या दिव्यांनी उरलेल्या सगळ्या वर काढल्या. भाचीला नटवायला आलेल्या मुलीने दोनदा "काका, जरा कन्सीलर?" विचारलं. "काहीही लावू नका" हे डॉक्टरांचं वाक्य मी फी देऊन मिळवलेलं होतं, ते वापरलं. फोटोग्राफर माझ्यापाशी आला आणि कानात म्हणाला, "साहेब, काळजी करू नका. नंतर सगळं काढून टाकतो."

अल्बम महिन्याभराने आला. तोवर माझा चेहरा साफ झाला होता; कधी झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण नसलेली पुटकुळी कुणी बघत नाही. लोकलमध्ये मी पुन्हा चौथ्या सीटवर. अल्बममध्ये मी भाचीच्या उजव्या हाताला उभा आहे आणि फोटोग्राफरने शब्द पाळला आहे. कपाळ स्वच्छ, हनुवटी स्वच्छ. उजव्या गालावरचा माझा तीळही स्वच्छ. तो जन्मापासूनचा होता. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टापर्यंत ओळखीची खूण म्हणून मी तोच लिहीत आलो. फोटोग्राफरने तो पुटकुळी समजून पुसला. डाव्या गालावर मात्र एक ठसठशीत पुटकुळी होती. ती त्याने तीळ समजून ठेवली, आणि उठून दिसावी म्हणून जरा गडद केली.

आईला फरक कळला नाही. बायकोला कळला, ती हसत सुटली. आत्याने अल्बम डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला, आणि मला बोलावून घेतलं. स्वतःच्या नाकाशेजारच्या मसावर बोट ठेवून ती म्हणाली, "तीळसुद्धा गेला की रे. ती फ्रिजमधली ट्यूब कुठली, जरा आण बघू."